वाफ कोरडी आहे का, आणि पेटंट कुणाच्या नावावर?

मी नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावात राहते. माझं काम वाफेचं. पुण्यात होते तेव्हा बॉयलरच्या चाचण्या घेत असे, इथेही तेच करते. आत किती ऊर्जा गेली, बाहेर किती उष्णता आली, मधे किती गळली, एवढं मोजून सही करायची. त्यामुळे ओळखीतल्या कुणाला घरचा हीटर घ्यायचा असला तरी फोन मला येतो.

२०१८ मध्ये मंडळातल्या एका काकांचा फोन आला तो मात्र हीटरसाठी नव्हता. "अगं, एक गुंतवणुकीचा प्रस्ताव आलाय. कोल्ड फ्यूजनचा आहे. तू जरा नजर टाक, मग आम्ही सहा-सात जण ठरवू." कंपनी दुसऱ्या राज्यातली, लहानशी. तिचं नाव इथे देत नाही. पुढे ज्या कंपन्यांची नावं येतील त्यांपैकी ती कुठलीही नाही.

प्रस्ताव छान छापलेला होता. निकेलची पूड, तिच्यात साधा हायड्रोजन, बाहेरून थोडी वीज द्यायची आणि दिलेल्या विजेच्या पाचपट उष्णता मिळवायची. किमान गुंतवणूक पन्नास हजार डॉलर, तीही कन्व्हर्टिबल नोटच्या रूपात. म्हणजे आज कर्ज, पुढे कंपनी मोठी झाली की त्याचे शेअर. सोबत एक फॉर्म होता. घर सोडून दहा लाख डॉलरची मालमत्ता, किंवा वर्षाला दोन लाखांचं उत्पन्न, असल्याचं त्यात लिहून द्यायचं होतं. अमेरिकेत अशा खासगी कंपन्यांत पैसे घालायला सहसा हीच अट असते. ही अट गुंतवणूकदाराला तोटा सोसता येईल का एवढंच बघते. कंपनी खरी की खोटी हे ती बघत नाही. आमच्यातल्या दोघांचा समज असा होता की सरकारचा फॉर्म आहे म्हणजे सरकारने कंपनी तपासली असेल.

काका मात्र फॉर्ममुळे भुलले नव्हते. ते भुलले होते एका पानामुळे. त्या पानावर ट्रॉम्बेचा घुमट होता आणि खाली लिहिलं होतं की भाभा अणुसंशोधन केंद्राने १९८९ मध्येच या शोधाला दुजोरा दिला. काकांचा उमेदीचा काळ अणुशक्तिनगरात गेलेला. ते म्हणाले, "मी होतो गं तिथे. कॅन्टीनमध्ये दुसरा विषय नव्हता."

ते खरंच होतं. २३ मार्च १९८९ ला युटा विद्यापीठाच्या पत्रकार परिषदेत स्टॅन्ली पॉन्स आणि मार्टिन फ्लाइशमन यांनी सांगितलं, की जड पाण्यात पॅलेडियमची कांडी ठेवून वीज सोडली की टेबलावरच अणुसंमीलन होतं. सूर्यात होतं ते काम, खोलीच्या तापमानाला. ट्रॉम्बेला जड पाण्याची कमतरता नव्हती आणि न्यूट्रॉन मोजणारी माणसंही होती. पी. के. अय्यंगार तेव्हा केंद्राचे संचालक. एम. श्रीनिवासन आणि इतरांच्या अनेक गटांनी लगेच प्रयोग लावले आणि वर्षअखेरीस सगळ्यांचे निकाल एका जाड अहवालात आले.

तो अहवाल मी वाचला. आता इंटरनेटवर मिळतो. त्यात भर आहे ट्रिटियम आणि न्यूट्रॉन सापडल्यावर. प्रयोग बहुतेक पॅलेडियम आणि टायटॅनियमवरचे, ड्यूटेरियम (म्हणजे जड हायड्रोजन) वापरून केलेले. ट्रिटियम न्यूट्रॉनच्या मानाने कोट्यवधी पटींनी जास्त निघालं होतं. नेहमीच्या संमीलनात दोन्ही जवळजवळ सारखे निघतात, त्यामुळे जगभरच्या अणुशास्त्रज्ञांनी भुवया उंचावल्या. वाद तेव्हापासून आहे आणि मला त्यात बोलायचा अधिकार नाही. पण प्रस्तावातल्या यंत्रात निकेल होतं, साधा हायड्रोजन होता आणि दावा उष्णतेचा होता. धातू वेगळा, वायू वेगळा, मोजलेली गोष्टही वेगळी. ट्रॉम्बेने यांच्या यंत्राला दुजोरा दिला असं कसं म्हणता येईल? काकांना हे दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण उल्लेख तर खरा आहे ना?" उल्लेख खरा होता. म्हणूनच तो कामाला येत होता.

यानंतर मी जे केलं त्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. याच क्षेत्रातला एक मोठा खटला आदल्या वर्षी संपला होता आणि त्यातली एक बाजू आमच्या शेजारच्या रॅलेची होती. फेडरल कोर्टाचे कागद पेसर नावाच्या सरकारी संकेतस्थळावर दहा सेंट पानामागे मिळतात. दोन-तीन शनिवार-रविवार मी तेच वाचत बसले. नवऱ्याने विचारलं, "कादंबरी आहे का?" जवळजवळ तशीच होती.

इटलीच्या आंद्रेया रॉसी यांनी जानेवारी २०११ मध्ये बोलोन्यात 'ई-कॅट' नावाचं यंत्र दाखवलं. त्यातही निकेल आणि हायड्रोजनच. पुढच्या वर्षी रॅलेच्या इंडस्ट्रियल हीट कंपनीने त्यांच्याशी परवान्याचा करार केला. या कंपनीमागे टॉम डार्डन होते. प्रदूषित जमिनी विकत घेऊन, साफ करून विकायच्या धंद्यातला जाणता माणूस. करारात पैसे तीन टप्प्यांत होते. यंत्रासाठी १५ लाख डॉलर, चोवीस तासांच्या चाचणीनंतर एक कोटी, आणि वर्षभराची चाचणी पार पडली तर ८ कोटी ९० लाख. वर्षभराच्या चाचणीची अट अशी की ४०० दिवसांतले ३५० दिवस खाल्लेल्या ऊर्जेच्या किमान सहापट ऊर्जा बाहेर आली पाहिजे.

पहिले दोन हप्ते दिले गेले. वर्षभराची चाचणी फ्लोरिडातल्या डोरल इथे एका गोदामात फेब्रुवारी २०१५ ते फेब्रुवारी २०१६ अशी झाली. एक मेगावॉटचं यंत्र. शेवटच्या अहवालाप्रमाणे सहापट कसली, पन्नासपटींहून जास्त ऊर्जा मिळाली होती. इंडस्ट्रियल हीटने पैसे दिले नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये रॉसींनी मायामीच्या कोर्टात दावा लावला. कंपनीने उलट दावा लावला.

माझ्यासारखीला त्यातली गंमत कळते ती आकड्यांमध्ये. कंपनीच्या इंजिनियरने चाचणी घेणाऱ्याला विचारलेले प्रश्न कागदपत्रांत आहेत. त्यातला एक असा, की ३० जून ते २७ जुलै रोजचा पाण्याचा प्रवाह एकदाही न बदलता ३६,००० किलोच कसा? मी इतकी वर्षं प्रवाह मोजते आहे. शहराच्या नळाचं पाणी असो की कारखान्यातला पंप, दोन दिवस एक आकडा येत नाही. चार आठवडे एकच आकडा आला तर मी आधी मीटर उघडून बघेन.

दुसरा मुद्दा उष्णता गेली कुठे हा. गोदामात रात्रंदिवस एक मेगावॉट उष्णता सोडली तर माणूस आत उभा राहू शकणार नाही. रॉसींचं म्हणणं, वरच्या माळ्यावर उष्णता बाहेर टाकणारं यंत्र आणि पंखे बसवले होते. पाहणी करायची वेळ आली तेव्हा ते तिथे नव्हते, काढून टाकले होते. आणि ज्या ग्राहक कंपनीला ही वाफ विकली जात होती, तिचे अध्यक्ष रॉसींचेच वकील होते. हा ग्राहक खरा नव्हताच असा इंडस्ट्रियल हीटचा आरोप होता. रॉसींनी तो नाकारला. जुलै २०१७ मध्ये सुनावणी सुरू होऊन थोड्याच दिवसांत दोघांनी तडजोड केली. परवाना आणि यंत्रं रॉसींकडे परत गेली, ८ कोटी ९० लाख कुणी कुणाला दिले नाहीत. ज्यूरीचा निकाल आलाच नाही. त्यामुळे कोण खरं हे कायद्याने ठरलेलं नाही. पण वाचून माझं एक मत पक्कं झालं. ज्याला मोजणीवर पैसे मिळणार आहेत त्याच्या ताब्यात मोजणी, ग्राहक आणि गोदाम तिन्ही असतील, तर चाचणी वर्षाची असो की चोवीस तासांची, काही फरक पडत नाही.

मग आम्ही कंपनी बघायला गेलो. काका, मी आणि आणखी एक जण. गाडीने अर्ध्या दिवसाचा रस्ता. काका वाटेत खुशीत होते, घरून ठेपले आणि मिरचीचं लोणचं आणलं होतं. खरं सांगायचं तर मलाही उत्सुकता होती. हे खरं निघालं तर आपण पहिल्यांदा पाहिलं असं म्हणता येईल, असा विचार मनात आला होता.

प्रयोगशाळा म्हणजे एका औद्योगिक वसाहतीतला गाळा. स्वच्छ, नीटनेटका. संस्थापक स्वभावाने गोड. त्यांच्या शेजारी एक वयस्कर विद्युत-रसायनशास्त्रज्ञ उभे होते. कुणी काही विचारलं की उत्तर संस्थापक देत, ते नुसती मान हलवत. यंत्र सुरू झालं. रबरी नळीतून वाफ गटाराच्या जाळीत जात होती. पडद्यावर आकडा होता, ५.१.

हा आकडा कुठून आला ते विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं: पाणी किती गेलं ते पंप सांगतो, तेवढ्या सगळ्या पाण्याची वाफ झाली असं धरलं आहे. इथेच मला थांबावं लागलं. एक किलो पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ३३५ किलोज्यूल लागतात. त्या उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ करायला आणखी २,२५७. म्हणजे नळीतून नुसतं उकळतं पाणी थोड्या वाफेसह भसाभसा जात असेल आणि कागदावर सगळी कोरडी वाफ धरली, तर उष्णता खऱ्यापेक्षा पावणेआठपटीपर्यंत जास्त दिसू शकते. पाचपट दाखवायला अणूची गरजच नाही. रॉसींच्या २०११ च्या प्रात्यक्षिकांवरही हाच आक्षेप घेतला गेला होता.

त्यांनी वाफेत एक आर्द्रतेचा मीटर धरून दाखवला. तो मीटर हवेतली आर्द्रता मोजतो, वाफेबरोबर वाहणारे पाण्याचे थेंब मोजत नाही. मी म्हटलं, एक सोपी चाचणी करू. पिंपात मोजून थंड पाणी घ्या, नळी त्यात सोडा, दहा मिनिटांनी पिंपाचं वजन आणि तापमान घ्या. वाफ कोरडी असो की ओली, जेवढी उष्णता असेल तेवढी पिंपात येईल. बॉयलरवाले शंभर वर्षं हेच करत आले आहेत. आणि वीज मोजायला माझा मीटर लावू द्या, कारण त्यांचा कंट्रोलर विजेची लाट कापून सोडत होता आणि कापलेली लाट साधा क्लॅम्प मीटर चुकीची वाचतो.

दोन्हींना नकार मिळाला. कारण दिलं पेटंटच्या वकिलाचं. निघताना गोपनीयतेच्या करारावर सही मागितली. त्यात एक कलम होतं, की पाहिलेल्या निकालांबद्दल कुणालाही, सहगुंतवणूकदारांनाही, काही सांगायचं नाही. गुपित सांगू नका हे मला मान्य होतं. पण जे मोजू दिलं नाही त्याबद्दलही बोलू नका, हे नव्हतं. मी ते कलम खोडून सही करायला तयार होते, त्यांना ते चालेना. सहीशिवाय आलो.

परतीच्या वाटेवर काका गप्प होते. घराजवळ आल्यावर म्हणाले, "तू फार कडक वागलीस. शास्त्रज्ञ माणूस असा आडून बसतोच." मला वाईट वाटलं. उत्तर दिलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्या वयस्कर शास्त्रज्ञांचा मला फोन आला. माझं कार्ड मी सगळ्यांना दिलं होतं. त्यांचं म्हणणं, यंत्राची मूळ कल्पना आणि पुडीची कृती त्यांची, नव्वदच्या दशकापासूनच्या वह्या त्यांच्या घरी आहेत. पेटंटच्या अर्जावर मात्र संस्थापक आणि त्यांचा मुलगा एवढीच नावं. त्यांना मला काही विकायचं नव्हतं. फक्त कुणाला तरी सांगायचं होतं असं वाटलं. त्यांचा आवाज थकलेला होता.

तोवर श्रेयाचं भांडण म्हणजे शास्त्रज्ञांच्या मानापमानाची गोष्ट असं मी समजत होते. ओळखीच्या पेटंट वकील बाईंना विचारलं तेव्हा कळलं की ती पैशाची गोष्ट आहे. अमेरिकेत शोध आधी शोधणाऱ्याच्या मालकीचा असतो, त्याने लेखी हस्तांतर केलं तरच तो कंपनीचा होतो. खरा सहसंशोधक वगळला असेल तर पेटंट कोर्टात अडचणीत येतं. दुरुस्त करून त्याचं नाव घातलं आणि त्याने हस्तांतर केलेलं नसलं, तर तोही मालक. वेगळा करार नसेल तर प्रत्येक सहमालक दुसऱ्याला न विचारता पेटंट वापरू शकतो, तिसऱ्याला परवानाही देऊ शकतो आणि मिळालेल्या पैशांचा हिशेब देणं त्याला बंधनकारक नाही. म्हणजे तुम्ही एकमेव हक्क समजून पन्नास हजार मोजायचे आणि तोच हक्क उद्या दुसऱ्याच्या दुकानात निघायचा.

मग मागे वळून पाहिलं तर या विषयाचा जन्मच अशा भांडणात झालेला दिसतो. पॉन्स आणि फ्लाइशमन यांच्या प्रयोगशाळेपासून जवळच, ब्रिगहम यंग विद्यापीठात, स्टीव्हन जोन्स स्वतंत्रपणे तसंच काम करत होते. दोन्ही विद्यापीठांचं ठरलं होतं की २४ मार्चला विमानतळावर भेटून दोघांचे लेख एकदमच 'नेचर'कडे पाठवायचे. युटाने आदल्या दिवशीच पत्रकार परिषद घेतली. पेटंटचा हक्क हातचा जाईल ही धास्ती त्यामागे होती. प्रयोगांवर राबलेला विद्यार्थी मार्विन हॉकिन्स, त्याचं नाव एप्रिलमधल्या पहिल्या लेखावर नव्हतंच. नंतर शुद्धिपत्रातून आलं. त्या घाईचे पहिले गुंतवणूकदार होते युटाचे करदाते. राज्याने पन्नास लाख डॉलर दिले, त्यातून एक संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये बंद झाली. निकेल-हायड्रोजनमध्येही तेच. नव्वदच्या दशकात फ्रान्चेस्को पियांतेल्ली आणि सेर्जिओ फोकार्दी यांनी एकत्र काम केलं. पुढे फोकार्दी रॉसींबरोबर गेले आणि पियांतेल्लींनी आपली पेटंटं वेगळी घेतली. रॉसींच्या दाव्यातही एक तक्रार होती, की आपल्या संमतीशिवाय समोरच्यांनी पेटंटचे अर्ज केले.

मी हे सगळं दोन पानांत लिहून गटाला पाठवलं. शास्त्र खरं की खोटं यावर एक ओळही लिहिली नाही. फक्त लिहिलं की उष्णता मोजू दिली नाही, आणि शोध कुणाचा यावर आतच एकमत नाही. बैठक काकांच्या घरी झाली. एक जण म्हणाले, एवढं बघत बसलो तर गूगलमध्येही कुणी पैसे घातले नसते. त्यांनी नंतर या कंपनीत घातलेही. बाकी सगळे मागे हटले. काकाही हटले, पण नाखुशीने. पुढचे काही महिने ते मंडळात भेटले की हवापाण्याचंच बोलत.

एक गोष्ट मला उशिरा कळली. काकांनी सुरुवातीच्या उत्साहात पुण्याच्या साडूंना प्रस्ताव पाठवला होता. भारतातून माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. साडूंनी पाठवले. ट्रॉम्बेचं पान त्यांनीही पाहिलं होतं.

पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, दोन बातम्या आल्या. गूगलच्या पैशातून तीसेक संशोधकांनी केलेलं काम 'नेचर'मध्ये छापून आलं. सुमारे एक कोटी डॉलर खर्चूनही कोल्ड फ्यूजनचा पुरावा मिळाला नाही, पण वाटेत मोजमापाची चांगली साधनं तयार झाली, असं त्यांनी मोकळेपणाने लिहिलं. ही माणसं पैसे देणाऱ्याला 'नाही' म्हणू शकली, याचं मला कौतुक वाटलं. दुसरी बातमी इंग्लंडची. नील वुडफर्ड यांच्या नावाजलेल्या फंडातून पैसे काढणं जूनमध्ये थांबवलं गेलं. शेअर बाजारात नसलेल्या, विकायला कठीण अशा ज्या कंपन्यांत त्यांनी पैसे गुंतवले होते, त्यांत इंडस्ट्रियल हीट होती. तिथल्या पेन्शनरांपैकी किती जणांना आपले पैसे कशात आहेत हे ठाऊक असेल, कोण जाणे.

ती लहान कंपनी २०२० नंतर शांत झाली. वयस्कर शास्त्रज्ञांनी वकिलाची नोटीस पाठवली होती एवढं मला कळलं. साडूंच्या नोटची मुदत संपली, व्याजासकट तिचे शेअर झाले. त्या शेअरला गिऱ्हाईक नाही. कंपनीकडून वर्षाला एक ईमेल येतो, त्यात प्रगती असते. काका आता माझ्याशी नीट बोलतात. साडूंचा विषय दोघंही काढत नाही.

कोल्ड फ्यूजनवर प्रामाणिकपणे काम करणारी माणसं आजही आहेत. २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने या विषयावरच्या आठ प्रकल्पांना मिळून एक कोटी डॉलर दिले. त्यामुळे असे प्रस्ताव पुन्हा येतील, आणि त्यांत ट्रॉम्बेचं पानही येईल. तुमच्याकडे असा प्रस्ताव आला तर शास्त्राच्या वादात शिरण्याआधी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर जाऊन त्या कंपनीच्या पेटंट अर्जाच्या हस्तांतराची नोंद बघा. प्रयोगशाळेत भेटलेल्या प्रत्येक शास्त्रज्ञाचं नाव तिथे आहे का ते तपासा. अर्ज प्रसिद्ध झालेला असला की ती नोंद कुणालाही फुकट बघता येते. आणि पिंपाची चाचणी नाकारली तर चेकबुक घरीच ठेवा.